उलट्या नळीत थांबलेलं

नळी उलटी केली आणि आतलं जेल घसरून रूथच्या तळहातावर आलं. आदळलं वगैरे नाही. थंडीत गोठलेलं खोबरेल ऊन लागल्यावर बाटलीच्या कडेने सुटतं तसं आळसावून सुटलं आणि मग पातळ होऊन हातमोज्यावरून मनगटाकडे ओघळायला लागलं. रूथने ते पुसलंसुद्धा नाही. ती नुसती बघत राहिली. ही नळी कधी पडत नसे. बाकीच्या पडायच्या, त्यांच्याकडून तशीच अपेक्षा असायची, पण टोल्यूइनची नळी म्हणजे घरातला कमावता मुलगा. तिच्याकडे बघून बाकीच्यांचं निभावून न्यायचं. एरंडीच्या तेलापासून मिळणारं एक पांढरं, मेणासारखं आम्ल असतं, त्यातलं चिमूटभर घ्यायचं, टोल्यूइनमध्ये टाकून गरम करायचं, विरघळलं की हात न लावता गार होऊ द्यायचं. गार होता होता ते सगळं जागच्या जागी थांबतं. शंभर भागांतले दोन भाग उरलेल्या अठ्ठ्याण्णवांना धरून ठेवतात. थांबलं की नाही हे बघायला नळी उलटी करायची, बस. न सांडलं तर जेल, सांडलं तर नाही. एवढ्या जड विषयाची परीक्षा इतकी घरगुती आहे हे रूथ गावितला पहिल्यापासून फार आवडायचं. आज सोमवार होता, बुधवारी विद्यापीठाची समिती तिचं पीएच.डी.चं काम बघायला यायची होती, आणि नंदुरबारातल्या या कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिचा कमावता मुलगा हातावर पसरून पडला होता.

तिने दुसरी नळी केली. तीही पडली. खिडकीतून पथारीवर, म्हणजे बाहेरच्या वाळवणाच्या मैदानावर, घातलेल्या मिरचीचा झणझणीत खाट आत येत होता, नाक चुरचुरत होतं, आणि तिला आतून काहीतरी खुपत होतं. भीती नव्हती ती. भीती तिच्या ओळखीची होती. हे आजचं नव्हतं, नाताळपासून आत बसलेलं होतं. तेव्हा ती घरी गेली होती, नवापूरच्या पुढे डोंगरात, जिथे गुजरातची हद्द त्यांच्या परसामागून जाते. चर्चमध्ये प्रार्थना झाल्यावर वडील मंडळींपैकी कुणीतरी कौतुकाने म्हणालं, आपल्या सॅम्युअलची पोरगी मोठं शिकतेय, काय शिकतेय ते तिने चार शब्दांत सांगावं. रूथ उभी राहिली. समोर सगळी आपली माणसं, मान वर करून बघणारी. आई मोगराबाई पहिल्या ओळीत, डोक्यावरचा पदर सारखा करत. आणि रूथचं तोंड उघडेना. ती उजवीकडे बघायला लागली. उजवीकडे भिंत होती, भिंतीला कागदी चांदण्या लावलेल्या होत्या. तिथे कुणीच नव्हतं, आणि आपण तिथे कुणाला शोधत होतो हे कळलं तेव्हा तिला दरदरून घाम फुटला. ती गिरधर सरांना, कॉलेजातल्या आपल्या मार्गदर्शकांना, शोधत होती. कुणी काही विचारलं की सर तिच्या उजव्या बाजूला असायचे आणि उत्तर द्यायचे. चर्चमधल्या लोकांनी समजुतीने टाळ्या वाजवल्या, भावाने, स्टीफनने, तिला खाली बसवलं. जेवताना आई तिच्या ताटात वाढत होती आणि वाढता वाढता हसून तिच्या कोकणीत, डोंगरातल्या कोकणा आदिवासींच्या बोलीत, म्हणाली, तुझं बोलणं ऐकायला मला आता कान पुढे करावा लागतो. चिडून नव्हती म्हणाली. म्हणूनच ते लागलं.

गिरधर सर त्यांच्या खोलीत समितीसाठी कोणत्या खुर्च्या आणायच्या या विवंचनेत होते. रूथने सांगितल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. ‘‘टोल्यूइनची? ती कशी पडेल?’’ मग लगेच तिचा चेहरा बघून त्यांचा आवाज मऊ झाला. तो मऊ आवाज रूथ बारा वर्षं ऐकत आली होती. ‘‘अगं, कपाटात मागच्या महिन्यातली आहे ना, बूच लावलेली? तीच ठेव टेबलावर. ती काही पडत नाही. आणि आजचं आजपाशी. कशाला कुणाला सांगायचं?’’

‘‘पण सर, का पडली ते—’’

‘‘विचारलंच कुणी, तर मी आहे ना.’’

मी आहे ना. जगात यासारखं दुसरं ऊबदार वाक्य नाही, आणि रूथ त्यावरच जगली होती हेही खरं. बी.एस्सी.ला आली तेव्हा वसतिगृहात जागा नव्हती. एका हातात पत्र्याची पेटी, दुसऱ्या हातात शाळेचा दाखला घेऊन ती कचेरीच्या पायरीवर बसली होती, आणि सर तिला घरी घेऊन गेले होते. तापीकाठची चांगली शेतीवाडीवाली माणसं ती. माडीवरची खोली त्यांनी तिला दिली, भाडं विचारल्यावर रागावले. सरांच्या पत्नी, कौसाबाई, तिने काकू म्हणायला सुरुवात करायच्या आधीपासून काकू झाल्या होत्या. तिला ताप आला तर काकू उशाशी, परीक्षा आली तर काकू तापीवरच्या प्रकाशा तीर्थाला जाऊन हिच्या नावाने नारळ ठेवून येणार, आणि परत येताना प्रसाद आणून म्हणणार, ‘‘तू तुन्हा येशूले सांग, मी मन्हा देवले सांगी उनू. दोन्हीसनी मिळीसन पास करतीन.’’ अशा बाईवर माणूस जीव टाकेल नाही तर काय. घरी पाहुणे आले आणि कुणी विचारलं, ही कुणाची, कुठली, आडनाव काय, की रूथने तोंड उघडायच्या आत सर म्हणायचे, ‘‘आमचीच आहे.’’ आणि काकू आतून पुस्ती जोडायच्या, ‘‘आमनीच पोर शे ती.’’ पुढचे प्रश्न तिला टोचू नयेत म्हणून ते तसं म्हणत, हे तिला तेव्हाही कळत होतं. प्रश्न खरोखरच थांबले. कॉलेजात थांबले, गल्लीत थांबले. इतक्या वर्षांत या गावात रूथला कुणी काही विचारलं नाही, आणि हळूहळू तिलाही सांगायची सवय राहिली नाही. चर्चासत्रात तिचा निबंध असला तरी प्रश्न आला की सर उठत. ‘‘काय आहे, आमच्या रूथचं म्हणणं असं आहे की...’’ तिचं म्हणणं बरेचदा तसंच असायचं. तिच्यापेक्षा नीटही मांडलेलं असायचं. ती मान डोलवायची आणि चहाच्या वेळी लोक येऊन सरांचं अभिनंदन करायचे.

ती परत प्रयोगशाळेत आली. तिथल्या मदतनीस रंजनाबाई फडकं घेऊन द्रावकांचं कपाट लख्ख करत होत्या. समिती येणार म्हणून गेले चार दिवस त्यांनी कॉलेजचं लग्नघर करून टाकलं होतं. फरशी घासली, नळाच्या तोट्या चिंचेने उजळल्या, खिडकीच्या गजांवरून हात फिरवून धूळ बघितली. कपाटात बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या होत्या, आणि रूथला एकदम वाटलं, बाटल्या कमी दिसतायत.

‘‘रंजनाबाई, इथे टोल्यूइनच्या दोन होत्या ना? अर्ध्या अर्ध्या?’’

‘‘व्हत्यात ना. दोन्हीस्ना कागद पुसाई जायेल व्हता, एकसारखंच पानी दिखे. घरमा तेलना दोन अर्ध्या बाटल्या ऱ्हायन्यात ते आपन एकच करी टाकतस ना? पाव्हना येतीन आनि अर्ध्या बाटल्या कशा दिखतीन, मायबाई? एक भरी टाकी, दुसरी धोई ठेवी.’’ आणि त्यांनी धुतलेली, पालथी घातलेली, आरशासारखी चमकणारी बाटली अभिमानाने दाखवली.

रूथने भरलेल्या बाटलीचं बूच काढून हाताने वारा घालत वास घेतला. वरून टोल्यूइनचा उग्र, रंगाच्या दुकानासारखा वास, आणि त्याच्या खाली, दबलेला, गोडसर, इंजेक्शनच्या आधी दंडावर फिरवलेल्या कापसाचा. स्पिरिट. दुसरी बाटली टोल्यूइनची नव्हतीच, स्पिरिटची होती. बाटलीवरची अक्षरं बाटलीतल्याच द्रवाने ओघळून पुसून टाकायची आणि मग आतलं काय ते कुणाला कळू द्यायचं नाही, ही या द्रावकांची जुनी खोड. रंजनाबाईंचा चेहरा तिच्याकडे बघता बघता उतरला. ‘‘काय व्हयनं वं? काही बिघडनं का? सरले सांगू नको, माय.’’ रूथ म्हणाली, ‘‘बाटल्या मिसळल्या गेल्या, एवढं सांगावं लागेल. कुणी मिसळल्या ते मला कुणी विचारणार नाही. आणि चिठ्ठी पुसली गेली तर नवी लावायची, हे काम माझं होतं.’’ मग बाईंच्या खांद्यावर हात ठेवून तिने साठवणीच्या खोलीतून टोल्यूइनची सील न फोडलेली बाटली आणली, नळी केली, आणि गार व्हायची वाट बघत स्टुलावर बसली. उलटी केली. थांबली. काचेसारखं स्वच्छ, डोक्यावर उभं राहिलेलं जेल. म्हणजे प्रबंध बचावला होता. कमावता मुलगा घरी आला होता. आता सरांना हसत सांगायचं, पडलेल्या दोन नळ्या धुवायला टाकायच्या आणि घरी जायचं, इतकंच उरलं होतं.

पण ती उठली नाही. सुटका झाल्यावर माणसाला जे मोकळं वाटतं ते तिला वाटत नव्हतं. पडलेली नळी आणि थांबलेली नळी तिने शेजारी शेजारी ठेवल्या. आम्ल तेच, वजन तेच, ऊब तीच. फरक काय तो भोवतालच्या द्रवात. या आम्लाच्या लांबट कणाच्या मध्यावर एक हायड्रॉक्सिल गट असतो, वर्गात शिकवताना रूथ त्याला हात म्हणायची. टोल्यूइनला या हातांत काडीचा रस नाही. ते कणांना मुळीच सामावून घेणार नाही असं नाही, गरम असताना विरघळवून घेतंच, पण गार होताना ते कुणाचा हात धरत नाही. मग कणांना एकमेकांचे हात धरावे लागतात, साखळ्या होतात, साखळ्यांचे धागे, धाग्यांची जाळी, आणि त्या जाळीत सगळं टोल्यूइन अडकून उभं राहतं. पाण्याचं उलटं, पाणी या कणांना उंबऱ्याच्या आतच घेत नाही, ते बिचारे वर गोळा होऊन तरंगत राहतात. आणि स्पिरिट? स्पिरिट प्रेमळ. स्पिरिटला स्वतःलाच हात आहेत. प्रत्येक कणाचा हात ते आपल्या हातात घेतं, म्हणतं, ये, बस, तुला काय कमी आहे. आणि कण इतके सुखात राहतात की त्यांना एकमेकांची गरजच उरत नाही. नळीत सगळं स्वच्छ, निवांत, आणि उलटी केली की सगळं हातावर. हे रूथ वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आली होती. आज ते वाक्य उलटून तिच्याच अंगावर आलं, आणि ती स्टुलावर बसल्या बसल्या मोठ्याने म्हणाली, ‘‘मी आहे ना.’’ रंजनाबाईंनी दचकून मागे बघितलं.

कुणाचा राग येत नव्हता, हीच पंचाईत होती. राग आला असता तर सोपं गेलं असतं. लोक रागाच्या भरात घर सोडतात, नाती तोडतात, आणि नंतर कारणं शोधतात. तिला सरांबद्दल वाटत होती ती माया, आणि त्या मायेच्या आतच तिला दिसत होतं की बुधवारी सर उजवीकडे बसले तर ती पदवी मिळवेल आणि पुन्हा कधी उभी राहणार नाही. इतकं उघडं तिने स्वतःला कधी सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर तिला बरं वाटलं. मंगळवारी सकाळी ती लवकर आली आणि चांगल्या टोल्यूइनच्या नळ्या मांडून त्यांत मोजून मापून स्पिरिट टाकायला लागली, पहिल्या नळीत नावापुरतं, पुढच्या प्रत्येकीत थोडं जास्त. एका थेंबाने काही होत नव्हतं. दोनानेही नाही. मग एक नळी किंचित ढिली पडली, हलवली की थरथरली. तिच्या पुढची घसरली. म्हणजे माया चालते, थोडी चालते, जाळी ती सोसते. एका ठरावीक जागेपर्यंत. ती जागा कुठे आहे हे शोधण्यात तिची दुपार गेली आणि ती दुपार तिच्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची दुपार होती असं म्हटलं तरी चालेल.

संध्याकाळी ती माडी असलेल्या त्या घरी गेली. नोकरी लागल्यावर ती स्वतंत्र खोली घेऊन राहत होती, पण काकूंचा डबा अजून चालू होता. सर झोक्यावर बसले होते. तिने सांगितलं ते आधी कामाचं सांगितलं: बाटल्या मिसळल्या, त्यातून हे सुचलं, उद्या मी पडलेल्या नळ्याही दाखवणार आहे. सरांनी झोका थांबवला. ‘‘रूथ, बेटा, परीक्षकाला आपण होऊन खड्डा दाखवू नये. पडलेलं बघितलं की लोक पडलेल्यावरच विचारतात.’’

‘‘विचारू दे, सर.’’

‘‘बरं, विचारू दे. मग मी बघून घेईन. मी आहे—’’

‘‘सर, उद्या तुम्ही मागे बसाल का?’’

तिला वाटलं होतं त्यापेक्षा तिचा आवाज मोठा आला. ‘‘उद्या मला जे विचारतील त्याचं उत्तर मी देणार. चुकलं तर चुकलं. तुम्ही शेजारी असलात की मी बोलत नाही, सर. मला तुमच्याकडे बघायची सवय लागली आहे.’’ सरांनी झोक्याची कडी धरली. त्यांच्या तोंडावर दिसलं ते रागाहून वाईट होतं. भर बाजारात कुणी हात सोडून पुढे गेलं की म्हाताऱ्या माणसाचं होतं तसं काहीतरी. काकू आतून डबा घेऊन आल्या होत्या, दारातच थबकल्या. ‘‘आमनं काय चुकनं वं, माय?’’

‘‘काही नाही चुकलं, काकू,’’ रूथ म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले, पण बोलणं थांबलं नाही. ‘‘तुम्ही कधीच काही कमी पडू दिलं नाहीत. म्हणून तर मला मागावं लागतंय.’’ काकूंनी डबा तिच्या हातात दिला. आज त्या नेहमीसारखं डोक्यावरून हात फिरवायला थांबल्या नाहीत. डबा गरम होता. रूथने तो वाटभर छातीशी धरला आणि खोलीवर येऊन सगळा संपवला, ठेच्यासकट.

बुधवारी समितीत दोघंजण होते, एक मितभाषी गृहस्थ आणि एक करड्या केसांच्या बाई. टेबलावर नळ्या ओळीने उभ्या. रूथच्या उजवीकडची खुर्ची तिने स्वतः उचलून भिंतीशी ठेवली होती. सर आले, त्यांनी मोकळ्या जागेकडे एकदा पाहिलं आणि शेवटच्या बाकावर, विद्यार्थी बसतात तिथे जाऊन बसले. बाईंनी सहज विचारलं, ‘‘तुम्ही मूळच्या इथल्याच का?’’ मागून सवयीने आवाज आला, ‘‘आमची—’’ आणि तो तिथेच तुटला. कुणाच्या लक्षातही आलं नसेल. रूथच्या आलं. ती म्हणाली, ‘‘नाही. मी रूथ सॅम्युअल गावित. नवापूरच्या पुढे डोंगरात आमचं गाव आहे. घरी आम्ही कोकणी बोलतो.’’ एवढंसं वाक्य, पण ते संपलं तेव्हा तिचे पाय जमिनीला नीट टेकले होते. मग तिने नळ्या उलट्या केल्या, एकेक. थांबली, थांबली, थांबली, थरथरली, पडली. पडलेली खालच्या बशीत घेतली. गृहस्थ पुढे वाकले. ‘‘ही का पडली? आणि पडलेली दाखवायची कशाला?’’ तिने सांगितलं. हातांचं सांगितलं, साखळ्यांचं सांगितलं, टोल्यूइनच्या अलिप्तपणाचं आणि स्पिरिटच्या मायेचं. पडलेलीमुळेच थांबलेली का थांबते ते कळतं, असं सांगितलं. शब्द शोधताना ती दोनदा अडखळली, एकदा मागचं वाक्य तसंच टाकून नवं सुरू केलं. सरांनी ते नक्कीच जास्त घाटदार सांगितलं असतं.

मग बाई म्हणाल्या, ‘‘स्पिरिटऐवजी त्याच जातीचं, पण लांब साखळीचं अल्कोहोल घातलं तर?’’

हे रूथने केलं नव्हतं. वाचलंही नव्हतं. तिची मान आपसूक उजवीकडे वळली. तिथे मोकळी फरशी होती, रंजनाबाईंनी घासून लख्ख केलेली. मान तशीच आणखी थोडी वळली आणि शेवटच्या बाकापर्यंत गेली. सर खिडकीबाहेर बघत होते. दोन्ही हात त्यांनी गुडघ्यांमध्ये घट्ट धरून ठेवले होते, बोटं पांढरी पडली होती. त्यांना उत्तर येत असेल, नसेल. ते गप्प बसले होते आणि गप्प बसायला त्यांना किती कष्ट पडतायत हे तिला इथून दिसत होतं. मिरचीच्या खाटाने त्यांना शिंक आली तीही त्यांनी दाबली. आपल्यावर या माणसाने आजवर केलेल्या मायेत ही सगळ्यात मोठी, असं रूथच्या मनात आलं, आणि तिने मान समोर आणली. नळी गार होत असताना हलवायची नसते. ती तशीच थांबली, घाई न करता, आतलं काहीतरी एकमेकांना धरेपर्यंत.

‘‘माहीत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘करून बघावं लागेल. पण मला वाटतं, साखळी लांब झाली की तेवढ्याच मापात हात कमी येतील. मग जेल पाडायला ते जास्त घालावं लागेल. चुकीचंही असेल.’’ बाईंनी होकारार्थी मान हलवली नाही की नकारार्थीही नाही. ‘‘बघा करून,’’ म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं. गृहस्थ म्हणाले, ‘‘हे प्रबंधात घाला. आणि मग सादर करा.’’

चहा झाला, समिती गेली, खुर्च्या परत गेल्या. या वेळी अभिनंदन करायला लोक कुणाकडे जावं या संभ्रमात मध्येच उभे राहिले होते आणि मग पांगले. रूथ नळ्या गोळा करत होती. सर शेवटच्या बाकावरून उठून तिच्यापर्यंत आले, पण बरोबर शेजारी नाही, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभे राहिले. अजून उलटी असलेल्या एका नळीकडे ते बराच वेळ बघत होते. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, ‘‘रूथ, तुला खरंच वाटतं का गं, जास्त लागेल? लांब साखळीचं?’’

बारा वर्षांत सरांनी तिला असंख्य गोष्टी विचारल्या होत्या, जेवलीस का, झोपलीस का, पैसे आहेत का. विषयातलं, ज्याचं उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं असं हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं.

‘‘वाटतं, सर,’’ ती म्हणाली. ‘‘उद्याच लावते नळ्या. बघायला याल?’’

‘‘येईन की,’’ सर म्हणाले. ‘‘मागे बसेन.’’

‘‘मागे नको, तिथून दिसायचं नाही,’’ रूथ म्हणाली, आणि बाटल्यांवर नव्या चिठ्ठ्या चिकटवायला बसली.